ज्याँ रन्वार

ज्याँ रन्वार (१५ सप्टेंबर, १८९४ – १२ फेब्रुवारी, १९७९) हे फ्रेंच चित्रपट दिग्दर्शक, पटकथाकार, नट व लेखक होते. दृक्प्रत्ययवादी चित्रकार प्येर-ओग्यूस्त रन्वार यांचे ते मधले पुत्र. 'ला ग्रांद इल्युझ्याँ' (१९३७) व 'ला रेग्ल द्यू जू' (१९३९) हे त्यांचे दोन फ्रेंच चित्रपट जागतिक चित्रपटकलेतील मानदंड मानले जातात. दुसऱ्या महायुद्धात त्यांना फ्रान्स सोडावे लागले. त्यानंतरच्या सुमारे बारा वर्षांत त्यांनी अमेरिका, भारत आणि इटली या तीन देशांत सात पूर्ण लांबीचे इंग्रजी कथापट दिग्दर्शित केले. चित्रपटाच्या इतिहासग्रंथांत या कालखंडाची बोळवण बहुधा थोडक्यात केली जाते. फ्रान्समधील थोर कामगिरी आणि परदेशातील पीछेहाट अशी सोपी विभागणी केली जाते. ती पुरेशी न्याय्य नाही. परक्या भाषेत आणि परक्या व्यवस्थेत काम करताना त्यांच्या काही चित्रपटांची मोडतोड झाली हे खरे. पण 'द सदर्नर' आणि 'द रिव्हर' हे त्यांचे दोन उत्कृष्ट चित्रपट याच काळातले आहेत, आणि त्यांतील दुसरा भारताच्या मातीत घडला.

बालपण व पूर्वायुष्य

ज्याँ यांचा जन्म पॅरिसच्या माँमार्त्र भागात झाला. आईचे नाव आलीन शारिगो. आईची नातलग गाब्रिएल रनार ही त्यांना सांभाळण्यासाठी घरी आली होती. वडिलांच्या अनेक चित्रांत ती आणि लहानगे ज्याँ एकत्र दिसतात. कळसूत्री बाहुल्यांच्या खेळांना हीच गाब्रिएल त्यांना घेऊन जाई. नाटकीपणाविषयी त्यांना पुढे आयुष्यभर जे प्रेम वाटत राहिले त्याचे मूळ त्यांनी स्वतः या खेळांत शोधले आहे.

पहिल्या महायुद्धात ते आधी घोडदळात आणि मग डोंगरी पायदळात होते. १९१५ मध्ये मांडीत गोळी लागून पायाचे हाड मोडले आणि चालण्यातला लंगडेपणा कायमचा राहिला. बरे झाल्यावर त्यांनी टेहळणी विमानांतून काम केले. वडील १९१९ मध्ये वारले. पुढच्याच वर्षी ज्याँ यांनी वडिलांच्या चित्रांसाठी बसणाऱ्या तरुणीशी विवाह केला. कॅथरीन हेसलिंग या नावाने ती त्यांच्या सुरुवातीच्या मूकपटांची नायिका झाली. वारशाने मिळालेली वडिलांची चित्रे विकून त्यांनी या चित्रपटांचा खर्च भागवला. 'नाना' (१९२६) या खर्चिक मूकपटात बरेच पैसे बुडाले.

बोलपटांच्या आगमनानंतर त्यांची खरी उंची दिसली. 'ला शिएन' (१९३१), 'तोनी' (१९३५), 'ला बेत युमेन' (१९३८) अशा चित्रपटांतून त्यांची एक रीत घडत गेली. ते एका दृश्याचे बारीक तुकडे न पाडता कॅमेरा सलग हलवत पात्रांच्या मागे जात, पुढच्या पात्राच्या पाठीमागे दूरवर दुसरे काहीतरी घडू देत, आणि नटांबरोबर तालीम करता करता संवाद बदलत. 'ला ग्रांद इल्युझ्याँ' हा युद्धकैद्यांवरचा चित्रपट अमेरिकेतही गाजला. ऑस्करच्या सर्वोत्कृष्ट चित्रपट विभागात नामांकन मिळालेला तो पहिला परभाषिक चित्रपट होय.

'ला रेग्ल द्यू जू' मात्र जुलै १९३९ मध्ये प्रदर्शित होताच प्रेक्षकांच्या रोषाला बळी पडला. फ्रेंच उच्चवर्गाचे त्यातले चित्रण लोकांना सोसवले नाही. रन्वार यांनी त्याला कात्री लावून पाहिली, तरी उपयोग झाला नाही. आणि युद्ध सुरू होताच मनोधैर्य खच्ची करणारा म्हणून सरकारने त्याच्यावर बंदी घातली. नंतर ते 'तोस्का' या चित्रपटासाठी इटलीत गेले, परंतु जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरल्याने तेही काम अर्ध्यावर सोडावे लागले. त्याच महिन्यात फ्रान्सचा पाडाव झाला.

अमेरिकेत आगमन

माहितीपटांचे जनक म्हणून ओळखले जाणारे रॉबर्ट फ्लॅहर्टी यांनी रन्वार यांना अमेरिकेत आणण्यासाठी खटपट केली. डिडो फ्रेइरे यांच्यासह ते लिस्बनमार्गे निघाले आणि ३१ डिसेंबर, १९४० रोजी न्यूयॉर्क बंदरात उतरले. बोटीवर त्यांच्या खोलीतील सोबती होते लेखक आणि वैमानिक आँत्वान द सँतेक्झ्युपेरी. डिडो यांच्याशी त्यांचा विवाह १९४४ मध्ये झाला. १९४६ मध्ये ते अमेरिकेचे नागरिक झाले.

वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, तुटपुंज्या इंग्रजीच्या भांडवलावर, ते हॉलिवूडच्या ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स या कंपनीत दाखल झाले. संवादांतली लकब आणि शब्दांमागची सामाजिक पायरी यांवरच ज्याचे निम्मे कौशल्य उभे होते अशा दिग्दर्शकासाठी ही अडचण लहान नव्हती. परंतु भाषेपेक्षा मोठा अडथळा निर्मितीच्या पद्धतीचा होता. हॉलिवूडमध्ये तेव्हा चित्रपटाचा धनी निर्माता असे. पटकथा आधी मंजूर व्हायची. दिग्दर्शकाने प्रत्येक प्रसंग दुरून, मध्यम अंतरावरून आणि जवळून असा अनेक वेळा चित्रित करून द्यायचा. त्यातून कोणते तुकडे जोडायचे हे संकलनाच्या वेळी निर्माता ठरवी. रन्वार यांच्या सलग, हलत्या चित्रणात जोडजुळवणीला वावच नसे. फॉक्सचे निर्मितिप्रमुख डॅरिल झॅनक यांना त्यामुळे हे काम संथ आणि खर्चिक वाटले, यात नवल नाही. दोघेही आपापल्या जागी सरळ होते. दोन कारागिरांची हत्यारेच वेगळी होती.

फॉक्सने त्यांना फ्रान्सविषयीचे विषय सुचवले होते. रन्वार यांना अमेरिकेत येऊन अमेरिकाच दाखवायची होती. 'स्वॅम्प वॉटर' (१९४१) साठी त्यांनी जॉर्जिया राज्यातील ओकीफनोकी या दलदलीच्या प्रदेशात प्रत्यक्ष जाऊन चित्रण करण्याचा आग्रह धरला. स्टुडिओच्या आवारातच दलदल उभी करता येत असताना इतक्या लांब जाणे तिथल्या मंडळींना अनाकलनीय वाटले. हरवलेल्या कुत्र्याला शोधत दलदलीत शिरलेल्या तरुणाला खुनाच्या आरोपामुळे लपून राहिलेला एक फरारी भेटतो, अशी ही कथा. पटकथा डडली निकोल्स यांची होती. डेना अँड्र्यूज, वॉल्टर ब्रेनन, वॉल्टर ह्यूस्टन आणि अ‍ॅन बॅक्स्टर यांनी भूमिका केल्या. चित्रपट चांगला चालला, तरी फॉक्सशी असलेला करार तेथेच संपला. त्यानंतर युनिव्हर्सल कंपनीसाठी गायिका-नायिका डीना डर्बिन यांचा एक चित्रपट त्यांनी हाती घेतला आणि बरेचसे चित्रण झाल्यावर मध्येच सोडला. 'द अमेझिंग मिसेस हॉलिडे' (१९४३) या नावाने तो प्रदर्शित झाला, तेव्हा दिग्दर्शक म्हणून निर्माते ब्रूस मॅनिंग यांचे नाव लागले.

'धिस लँड इज माइन'

आरकेओ कंपनीसाठी केलेला 'धिस लँड इज माइन' (१९४३) हा चित्रपट रन्वार यांच्या परदेशातील कारकिर्दीतला सर्वांत वादग्रस्त ठरला. चित्रपट युरोपातील एका अनाम, शत्रूव्याप्त गावात घडतो. आल्बर्ट लोरी हा आईच्या पदराआड राहणारा भित्रा शाळामास्तर आहे. बॉम्बहल्ल्याच्या वेळी तळघरात मुलांना धीर देण्याऐवजी तोच थरथर कापतो. वर्गात त्याची पत्रास कोणी ठेवत नाही. पाठ्यपुस्तकांतील नको असलेली पाने फाडून टाकण्याचा हुकूम येतो. मुख्याध्यापकांना ओलीस धरून गोळ्या घातल्या जातात. स्वतःवर खुनाचा आळ आल्यावर न्यायालयात उभा राहिलेला हा मास्तर पहिल्यांदा मोकळेपणी बोलतो. आणि शेवटी मुलांपुढे मानवी हक्कांचा जाहीरनामा वाचत असताना सैनिक त्याला घेऊन जातात. चार्ल्स लॉटन यांनी ही भूमिका केली. मॉरीन ओहारा आणि जॉर्ज सँडर्स यांच्याही त्यात महत्त्वाच्या भूमिका होत्या.

अमेरिकेत चित्रपट यशस्वी झाला आणि ध्वनिमुद्रणाचे ऑस्करही त्याला मिळाले. युद्धानंतर फ्रान्समध्ये तो दाखवला गेला तेव्हा प्रतिक्रिया अगदी उलट झाली. चार वर्षे जर्मन अंमल सोसलेल्या प्रेक्षकांना स्टुडिओत उभारलेले ते गाव आणि ती लांबलचक भाषणे खोटी वाटली. जो माणूस हे सगळे टाळून कॅलिफोर्नियात राहिला त्याने आम्हांला धैर्य शिकवावे, हा सल त्यामागे होता. या आक्षेपात तथ्य आहे. परंतु हा चित्रपट फ्रेंचांसाठी काढलेलाच नव्हता. परकीय अंमलाखाली जगणाऱ्या माणसाचा भ्याडपणा आणि त्याची लाचारी यांत फरक असतो, आणि शत्रूशी हातमिळवणी करणारे सर्वच काही राक्षस नसतात, हे सुरक्षित अंतरावर बसलेल्या अमेरिकन प्रेक्षकाला समजावणे हा त्याचा हेतू होता. भाषणे लांब आहेतच. तरीही आईच्या धाकातला, मांजराला कुरवाळणारा लॉटन यांचा मास्तर ज्या बारकाईने उभा राहिला आहे तो काही प्रचारपटातला पुतळा नव्हे.

'द सदर्नर'

स्टुडिओंच्या बाहेर, स्वतंत्र निर्माते डेव्हिड लो आणि रॉबर्ट हाकिम यांच्यासाठी केलेला 'द सदर्नर' (१९४५) हा रन्वार यांचा अमेरिकेतील सर्वश्रेष्ठ चित्रपट होय. जॉर्ज सेशन्स पेरी यांच्या कादंबरीवर तो आधारलेला आहे. पटकथेच्या कामात कादंबरीकार विल्यम फॉक्नर यांनी मदत केली, मात्र श्रेयनामावलीत त्यांचे नाव नाही.

सॅम टकर हा टेक्सासमधील कापूस वेचणारा मजूर. दुसऱ्याच्या शेतात राबण्याऐवजी स्वतःच्या हिमतीवर पीक काढायचे म्हणून तो एक पडीक जमीन कसायला घेतो. घर म्हणजे मोडके खोपटे, विहीर निकामी. बायको, दोन मुले आणि सतत कुरकुरणारी आजी यांच्यासह त्याचा एका वर्षाचा झगडा चित्रपटात येतो. दूध आणि भाजीपाला न मिळाल्याने मुलगा आजारी पडतो. शेजारी डेव्हर्स मदत तर करत नाहीच, उलट वैर धरतो. आणि शेवटी हाताशी आलेले पीक पुरात जाते. कथा म्हणून सांगायला यात फारसे काही नाही. रन्वार यांना त्याचेच आकर्षण वाटले. नाट्यमय कलाटण्यांऐवजी चूल पेटवणे, नांगरणे, मासा पकडणे अशा गोष्टींतून त्यांनी माणसे उभी केली. शेजाऱ्यालाही त्यांनी खलनायक होऊ दिले नाही. त्याचा कडवटपणा त्याने स्वतः सोसलेल्या हालांतून आला आहे, हे प्रेक्षकाला कळते. झॅकरी स्कॉट आणि बेटी फील्ड या जोडीने मुख्य भूमिका केल्या. चित्रण कॅलिफोर्नियातील मादेरा परिसरात, उघड्या शेतांत झाले.

टेनेसी राज्यातील मेम्फिस शहरात दक्षिणेकडील लोकांची बदनामी करणारा म्हणून या चित्रपटावर बंदी आली. दुसरीकडे, या चित्रपटासाठी रन्वार यांना उत्कृष्ट दिग्दर्शनाचे ऑस्कर नामांकन मिळाले. दिग्दर्शक म्हणून त्यांना मिळालेले हे एकमेव नामांकन. पारितोषिक त्या वर्षी 'द लॉस्ट वीकेंड' साठी बिली वाइल्डर यांच्याकडे गेले. तेही युरोपातून आलेले निर्वासितच होते. १९४६ च्या व्हेनिस महोत्सवातही 'द सदर्नर' गौरवला गेला.

हॉलिवूडमधील अखेर

पुढचे दोन चित्रपट या यशावर पाणी फिरवणारे ठरले. 'द डायरी ऑफ अ चेंबरमेड' (१९४६) ही ओक्ताव्ह मिर्बो यांच्या फ्रेंच कादंबरीवरची निर्मिती. पॉलेट गॉडर्ड आणि बर्जेस मेरेडिथ यांना घेऊन ती सगळी स्टुडिओत चित्रित झाली. प्रहसन आणि क्रौर्य यांचे त्यातले विचित्र मिश्रण बहुतेकांना पचले नाही. याच कादंबरीवर लुईस बुन्युएल यांनी १९६४ मध्ये फ्रेंच भाषेत चित्रपट केला.

'द वूमन ऑन द बीच' (१९४७) ची कहाणी अधिक खेदाची आहे. युद्धाच्या दुःस्वप्नांनी पछाडलेला तटरक्षक अधिकारी, एक दृष्टी गमावलेला चित्रकार आणि त्याची पत्नी असा हा त्रिकोण. रॉबर्ट रायन, चार्ल्स बिकफर्ड आणि जोन बेनेट यांनी ही पात्रे साकारली. चित्रकाराच्या मुलाने आंधळ्या चित्रकाराची कथा निवडावी, ही बाब नजरेआड करण्यासारखी नाही. पूर्वप्रदर्शनात प्रेक्षकांनी टर उडवल्यावर आरकेओने घाबरून चित्रपटाचा मोठा भाग पुन्हा चित्रित करवून घेतला. रन्वार यांनी तो स्वतःच केला, आणि त्यात चित्रपटाचा मूळ घाट हरवला. जे एकाहत्तर मिनिटांचे प्रकरण उरले ते आजही अस्वस्थ करते, पण ते अर्धवट आहे. यानंतर हॉलिवूडने त्यांना पुन्हा काम दिले नाही.

भारत आणि 'द रिव्हर'

रूमर गॉडन या इंग्रज लेखिकेचे बालपण बंगालमध्ये गेले होते. त्यांची 'द रिव्हर' ही लहानशी कादंबरी १९४६ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यावरचे परीक्षण वाचून रन्वार यांनी ती मिळवली व तिचे हक्क घेतले. पण हत्ती नाहीत, वाघाची शिकार नाही, असा भारतावरचा चित्रपट कोण पाहणार, असा प्रश्न प्रत्येक स्टुडिओला पडला. शेवटी केनेथ मॅकेल्डाउनी हे लॉस एंजेलिसमधील फुलांचे व्यापारी पुढे आले. युद्धकाळात भारतात राहिलेल्या या गृहस्थांनी त्याआधी एकही चित्रपट काढला नव्हता. प्रथम भारत पाहू द्या, मगच होकार देईन, ही रन्वार यांची अट त्यांनी मान्य केली.

१९४९ च्या सुरुवातीला रन्वार कोलकात्यात आले. तेथे त्यांना जाहिरात कंपनीत चित्रकार म्हणून काम करणारा एक उंच तरुण भेटला. तो होता सत्यजित राय. राय यांनी मित्रांसह दोन वर्षांपूर्वी कोलकात्यात फिल्म सोसायटी काढली होती. चित्रणस्थळे शोधण्याच्या भटकंतीत ते रन्वार यांच्या सोबत राहिले; नदीकाठची झाडे, केळीची बने, माणसांच्या हालचाली यांकडे रन्वार कसे पाहतात हे त्यांनी टिपले आणि त्यावर 'सीक्वेन्स' या इंग्रजी नियतकालिकात लेख लिहिला. 'पथेर पांचाली' ची कल्पना त्यांनी तेव्हाच रन्वार यांना सांगितली होती आणि त्यांच्याकडून उत्तेजनही मिळवले होते.

चित्रण १९४९ च्या अखेरीस हुगळीकाठी बराकपूर येथे सुरू झाले व पुढील वर्षी पूर्ण झाले. रन्वार यांचा हा पहिला रंगीत चित्रपट. टेक्निकलरचा कॅमेरा अवजड, आणि चित्रित केलेली फिल्म धुण्यासाठी लंडनला पाठवावी लागे. त्यामुळे आज काढलेले दृश्य कसे उतरले हे कळायला फार काळ जाई. छायाचित्रण त्यांचे पुतणे क्लोद रन्वार यांनी केले. बंगाली तंत्रज्ञांपैकी रामानंद सेनगुप्ता कॅमेऱ्यावर होते, हरिसाधन दासगुप्ता दिग्दर्शनात मदतीला होते आणि बंसी चंद्रगुप्त हे कलादिग्दर्शक यूजीन लुरिए यांच्या हाताखाली काम करत होते. सुब्रत मित्र नावाचा विद्यार्थी चित्रण पाहायला येई आणि प्रकाशयोजनेची टिपणे काढी. पाचच वर्षांनी प्रदर्शित झालेल्या 'पथेर पांचाली' चे छायाचित्रण याच मित्र यांनी आणि कलादिग्दर्शन चंद्रगुप्त यांनी केले. एखाद्या परदेशी चित्रपटाने भारतीय चित्रपटसृष्टीला इतके थेट काही दिल्याची उदाहरणे थोडी आहेत.

ताग गिरणीचे व्यवस्थापक असलेल्या इंग्रज गृहस्थाच्या घरातील हॅरिएट ही कविता लिहिणारी किशोरी, तिची मैत्रीण व्हॅलरी आणि शेजारची मेलनी या तिघींचे मन युद्धात पाय गमावलेल्या कॅप्टन जॉनकडे ओढले जाते. हॅरिएटचा धाकटा भाऊ नागाशी खेळता खेळता सर्पदंशाने मरतो. नदी वाहत राहते, घरात नवे मूल जन्माला येते. मेलनी हे पात्र कादंबरीत नाही. आयरिश बाप आणि भारतीय आई यांच्या या मुलीला दोन्हींपैकी कुठलेच जग पुरते आपले वाटत नाही. पटकथा लिहिताना रन्वार आणि गॉडन यांनी ते घातले आणि भरतनाट्यम् नर्तकी राधा श्रीराम यांच्याकडून करवून घेतले. त्याच पुढे राधा बर्नियर या नावाने थिऑसॉफिकल सोसायटीच्या अध्यक्ष झाल्या. कॅप्टन जॉनच्या भूमिकेतील टॉमस ब्रीन यांनी खरोखरच युद्धात पाय गमावला होता. आणि पहिल्या महायुद्धातली लंगड घेऊन चालणारा दिग्दर्शक कॅमेऱ्यामागे उभा होता.

अंगणात काढल्या जाणाऱ्या रांगोळीपासून चित्रपट सुरू होतो. घाट, होड्या, दिवाळीच्या पणत्या, तागाचे गठ्ठे यांची दृश्ये माहितीपटासारखी कथेत मिसळतात. या चित्रपटाला एक मर्यादाही आहे, ती झाकण्यात अर्थ नाही. हा भारत एका इंग्रज बंगल्याच्या बागेतून पाहिलेला आहे. चित्रण झाले तेव्हा फाळणीला तीन वर्षेही झाली नव्हती, आणि ज्या बंगालमध्ये कॅमेरा उभा होता तो दुभंगलेला होता. त्याची चाहूल पडद्यावर लागत नाही. रन्वार यांनी आपल्याला माहीत नसलेल्या भारताविषयी जाणतेपणाचा आव आणला नाही, परक्या मुलीच्या नजरेची चौकट पत्करली आणि तिच्यातच राहिले. हा प्रामाणिकपणा होता की सोयीस्कर अंतर, याविषयी मतभेद होऊ शकतात. १९५१ मध्ये व्हेनिस महोत्सवात 'द रिव्हर' ला आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी तेथील सर्वोच्च सन्मान अकिरा कुरोसावा यांच्या 'राशोमोन' ला मिळाला होता. अमेरिकन दिग्दर्शक मार्टिन स्कॉर्सेसी यांनी बालपणी पाहिलेल्या या चित्रपटाचा उल्लेख वारंवार केला आहे.

'द गोल्डन कोच' व नंतरचा काळ

भारतातून निघालेले रन्वार थेट फ्रान्सला परतले नाहीत. इटलीतील चिनेचित्ता स्टुडिओत त्यांनी 'द गोल्डन कोच' (१९५२) केला. अठराव्या शतकातील स्पॅनिश अमलाखालच्या पेरूमध्ये आलेली इटालियन नाटकमंडळी, तिची नटी आणि तिच्यावर भाळलेला व्हाइसरॉय ही त्याची कथा. विषय फ्रेंच लेखक प्रोस्पेर मेरिमे यांच्या नाटिकेवरून घेतलेला, नायिका आन्ना मान्यानी इटालियन, संगीत विवाल्दी यांचे आणि भाषा इंग्रजी. इतर भाषांतील आवृत्त्याही निघाल्या, पण इंग्रजी आवृत्तीच खरी असे रन्वार मानत. 'द रिव्हर' मधली मोकळी हवा जाऊन येथे रंगमंचाचा पडदा येतो. लहानपणी बाहुल्यांच्या खेळात पाहिलेले जग मोठ्या माणसांच्या शहाणपणासह परत येते. धंद्याच्या दृष्टीने तो पडला. पुढे फ्रान्स्वा त्र्युफो यांनी आपल्या निर्मितिसंस्थेचे नाव याच चित्रपटावरून ठेवले.

त्यानंतर 'फ्रेंच कँकान' पासून ते पुन्हा फ्रेंच चित्रपट करू लागले. १९५९ मध्ये जुळवाजुळव करून पूर्ववत केलेला 'ला रेग्ल द्यू जू' व्हेनिसमध्ये दाखवला गेला आणि वीस वर्षांपूर्वी हेटाळलेल्या चित्रपटाला मानाचे स्थान मिळाले. आंद्रे बाझँ या समीक्षकांनी रन्वार यांच्यावर ग्रंथ लिहायला घेतला होता. तो अपुरा राहिला आणि त्यांच्या मृत्यूनंतर त्र्युफो यांनी संपादित करून १९७१ मध्ये प्रसिद्ध केला. अमेरिकेतील चित्रपटांना फ्रान्समध्ये सहानुभूतीने पाहणारा वर्ग हा मुख्यतः बाझँ यांच्या भोवतालच्या तरुण समीक्षकांचा.

घर मात्र कॅलिफोर्नियातील बेव्हर्ली हिल्स येथेच राहिले. १९६० मध्ये त्यांनी बर्कली येथील विद्यापीठात अध्यापन केले. त्यांचे पुत्र आलँ तेथेच मध्ययुगीन साहित्याचे प्राध्यापक होते. वडिलांचे चरित्र (१९६२) आणि आत्मचरित्र (१९७४) ही त्यांची दोन पुस्तके मान्यता पावली. जर्मन अमलाखालील पॅरिसमधील एका नाट्यगृहावर त्यांनी लिहिलेले 'कारोला' हे नाटक १९७३ मध्ये अमेरिकन दूरचित्रवाणीवर इंग्रजीत सादर झाले. लेस्ली कॅरन त्यात नायिका होत्या, आणि दिग्दर्शक होते नॉर्मन लॉइड, ज्यांनी 'द सदर्नर' मध्ये भूमिका केली होती. १९७५ मध्ये हॉलिवूडने त्यांना जीवनगौरव म्हणून मानद ऑस्कर दिले. १२ फेब्रुवारी, १९७९ रोजी बेव्हर्ली हिल्स येथे त्यांचे निधन झाले. त्यांचा देह फ्रान्सला नेऊन आईच्या गावी, एसोआ येथे, कुटुंबीयांच्या शेजारी दफन करण्यात आला.